क्री भाषेतून शाळा : तास, लिपी, ससे आणि मधल्या अडचणी

कंदील

कॅनडातल्या निवासी शाळांवरच्या धाग्यात शेवटी शेवटी क्री शाळांचा (क्री म्हणजे तिथले एक मूळ रहिवासी लोक आणि त्यांची भाषा) विषय निघाला आणि मूळ चर्चेत हरवला. म्हणून हा वेगळा धागा. तो इतिहास इथे पुन्हा उगाळत नाही: १३९ शाळा, मूळ रहिवाशांची अंदाजे दीड लाख मुलं, १९२० पासून कायद्याने सक्ती, आणि आईची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. इथे फक्त पुढचं बोलू. आज ज्या शाळा क्री भाषा आणि रीतभात गणित-विज्ञानाच्या जोडीने शिकवतात, त्या नेमकं काय करतात आणि कुठे अडतात?

आधी नकाशा. क्री ही एकसंध भाषा नाही. अल्बर्टापासून क्वेबेकपर्यंत पसरलेल्या बोलींची साखळी आहे. मैदानी बोलीत जिथे 'य' येतो तिथे वनातल्या क्रीत 'थ'सारखा (इंग्रजी 'द'च्या जवळचा) ध्वनी, दलदली बोलीत 'न', मूस बोलीत 'ल' आणि अतिकामेक्वमधे 'र'. मैदानी बोलणारे आपल्या भाषेला नेहियवेविन म्हणतात. २०२१ च्या जनगणनेत क्री बोलू शकणारे साधारण ८६ हजार निघाले, २०१६ मधे ९६ हजारांच्या वर होते. पाच वर्षांतली ही घसरण डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं वाचा.

शाळा तीन तऱ्हेच्या. एक, रोज क्रीची एक तासिका. दोन, द्विभाषिक, म्हणजे निम्मे विषय क्रीतून. तीन, पूर्ण क्री माध्यम, बहुधा बालवाडीपासून तिसरी-चौथीपर्यंत. कागदावर तिन्हींना 'क्री कार्यक्रम' म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. हिशोब करून बघा. रोज ३० मिनिटं, वर्षाला १८० दिवस, म्हणजे ९० तास. बारा वर्षांत १०८० तास. द्विभाषिक शाळेत रोज अडीच तास धरले तर वर्षाला ४५०, म्हणजे एक तासिकावाल्या मुलाची बारा वर्षांची पुंजी इथे अडीच वर्षांत होते. शिवाय तुटक अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं कालचं आठवण्यात जातात. रंग, आकडे, प्राण्यांची नावं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा रंग, आकडे, प्राण्यांची नावं.

माझं मत स्पष्ट आहे: क्री हा विषय म्हणून ठेवला की ती भिंतीवरची सजावट होते. ती शिकवण्याची भाषा झाली तरच पोरं बोलतात. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी तपशिलासकट लिहा.

भूर्जपत्र

सहमत, पण तास वाढवणं पुरेसं नाही. त्या तासांत काय शिकवतात ते बघायला हवं. नामांपासून सुरुवात केली की क्री फसते, कारण या भाषेचा सगळा भार क्रियापदावर आहे. 'ए-वी-नितवि-वापमक' हा एकच शब्द, अर्थ 'मी त्याला भेटायला जाणार आहे, म्हणून'. पन्नास नामं पाठ करणाऱ्या मुलाला एक वाक्यही बोलता येत नाही. दहा क्रियापदं आली तर तो दिवसभर काहीतरी बोलू शकतो.

म्हणून चांगले शिक्षक पहिले काही आठवडे आज्ञा देतात आणि मुलं हालचाल करतात. 'अपि' म्हणजे बस, अनेकांना सांगायचं तर 'अपिक'. 'पसिको' ऊठ. 'आस्तम' इकडे ये. 'पिमोह्ते' चाल. लिहिणं नाही, भाषांतर नाही. एकाला आणि अनेकांना सांगताना होणारा फरक अंगवळणी पडतो आणि व्याकरणाचं नाव न घेता पहिला नियम येतो.

दुसरी पायरी सचेतन-अचेतन. मराठीत जसं पुस्तक नपुंसकलिंगी का ते विचारायचं नसतं, तसं क्रीत प्रत्येक नाम या दोनपैकी एका गटात असतं. माणूस आणि प्राणी सचेतन, ते ठीकच. पण दगड (असिनीय) सचेतन आणि बूट (मस्किसिन) अचेतन. रासबेरी सचेतन, स्ट्रॉबेरी अचेतन. आणि क्रियापद त्याप्रमाणे बदलतं: बूट उचल म्हणताना 'ओतिना', दगड उचल म्हणताना 'ओतिन्'. बूट बघ म्हणताना 'वापह्ता', दगड बघ म्हणताना 'वापम्'. वर्गात एका टोपलीत दगड, बूट, पुस्तक, खेळण्यातला ससा ठेवून आज्ञा द्यायच्या. चुकीच्या क्रियापदावर हात हलवायचा नाही, हा खेळ. वीस मिनिटांत जे होतं ते तक्त्याने महिनाभरात होत नाही.

तिरफळ

एक प्रश्न. 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक क्रीत आहे का? कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

भूर्जपत्र

आहे, आणि अगदी आपल्यासारखा. 'नियनान' म्हणजे आम्ही (तू सोडून), 'कियानव' म्हणजे आपण (तू धरून). क्रियापदातही उतरतो: 'निनिपानान' आम्ही झोपतो, 'किनिपानव' आपण झोपतो. इंग्रजीत वाढलेल्या शिक्षकाला हे समजावायला दोन आकृत्या लागतात, मराठी माणसाला एक वाक्य.

जिथे आपलीही दांडी उडते ते पुढचं. 'तू मला पाहतोस' आणि 'मी तुला पाहतो' दोन्ही 'कि'नेच सुरू होतात: 'किवापमिन' आणि 'किवापमितिन'. कर्ता कोण हे शेपटीवरून ठरतं. समोरच्याला मान पुढे, तो कर्ता असो की कर्म. 'किननास्कोमितिन' (मी तुझे आभार मानतो) हा शब्द सगळ्यांना पाठ असतो, त्याच्याच साच्यावर हे शिकवतात.

अनुस्वार_वेडा

लिपीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण यात आपला थेट संबंध आहे.

क्रीची अक्षरलिपी १८४० मधे मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस इथे मिशनरी जेम्स इव्हान्सने छापली. चहाच्या खोक्यांच्या अस्तरातलं शिसं वितळवून खिळे पाडले असं सांगतात. तिच्या रचनेवर त्या वेळच्या पिटमन लघुलिपीचा आणि देवनागरीचा प्रभाव आहे असं अभ्यासक मानतात. तत्त्व बघा: एक आकार म्हणजे एक व्यंजन, तो आकार चार दिशांना फिरवला की चार स्वर. देवनागरीत 'प'ला मात्रा लावून 'पे, पि, पो' होतो, तिथे 'प'चा कोन वर, खाली, डावीकडे, उजवीकडे वळवतात. मात्रेऐवजी दिशा. स्वर दीर्घ असेल तर वर टिंब. शेवटच्या सुट्या व्यंजनाला छोटं चिन्ह, म्हणजे आपल्या हलन्तासारखं काम. सहा-सात वर्षांची मुलं ही लिपी काही आठवड्यांत वाचायला लागतात ते या नियमितपणामुळे.

गोधडी

'इव्हान्सने शोधली' एवढंच लिहून थांबू नका. क्री परंपरेत ही लिपी मिस्तनाकोवेव ('हाक मारणारा बिज्जू') नावाच्या माणसाला आत्म्यांच्या जगातून मिळाली असं सांगतात आणि अनेक शाळांमधे लिपीचा पहिला धडा तिथूनच सुरू होतो. भूर्जाच्या सालीवर लिहून ती मिशनऱ्यांच्या आधी पुढे पसरत गेली, इतका वेग होता. मुलांना दोन्ही सांगतात. आपण पण दोन्ही सांगू.

आणि लिपीत गोम आहे ती टिंबाची. जुन्या छपाईत आणि घाईच्या लिखाणात दीर्घ स्वराचं टिंब गाळतात. बोलणाऱ्याला संदर्भाने कळतं, शिकणाऱ्याला नाही. 'निपिय' म्हणजे पाणी, 'नीपिय' म्हणजे पान. 'सकहिकन' म्हणजे खिळा, 'साकहिकन' म्हणजे तळं. 'असम्' म्हणजे त्याला जेवू घाल, 'असाम' म्हणजे बर्फावर चालायचे जाळीचे जोडे. शाळेच्या फलकावर टिंब विसरलं की तळ्याचा खिळा होतो. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांचं जे होतं तेच.

कंदील

मग रोमन की अक्षरलिपी, हा वाद तिथे कसा सोडवतात?

गोधडी

प्रदेशानुसार. क्वेबेकमधल्या जेम्स उपसागराच्या काठी अक्षरलिपीच चालते, पाट्यांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत. सस्कॅचेवान आणि अल्बर्टात शिकवण्यासाठी बहुधा प्रमाणित रोमन लेखन: दहा व्यंजनं, सात स्वर, दीर्घ स्वराच्या डोक्यावर टोपी किंवा आडवी रेघ, आणि मोठी अक्षरं अजिबात नाहीत, वाक्याच्या सुरुवातीलाही नाहीत.

रोमनचा फायदा टंकलेखनात आणि शब्दकोशात. तोटा असा की मूल इंग्रजीचे उच्चार घेऊन येतं. 'अपि' वाचायचं तिथे इंग्रजी वळणाने भलतंच वाचतं. म्हणून काही शिक्षक आधी वर्षभर अक्षरलिपी शिकवतात आणि मग रोमन. इंग्रजी वाचन आणि क्री वाचन डोक्यात वेगळ्या कप्प्यात बसतात. मला हा क्रम पटतो. दोन्ही एकाच वर्षी सुरू केलं की दोन्ही डळमळतात.

'च'चं एक सांगते. क्रीत 'च' कधी 'चार'मधला तर कधी 'चाक'मधला ऐकू येतो, बोलीप्रमाणे आणि माणसाप्रमाणे. इंग्रजीभाषक शिक्षक यावर मुलांना उगाच टोकतात. आपण टोकणार नाही.

आणि 'ह'. 'नोह्कोम' (माझी आजी) मधला 'ह' श्वास आहे, तो 'क'च्या आधी. तो गाळला की शब्द पोकळ होतो, आणि आपण मराठी लोक तो 'ख' करून टाकतो, तेही चूक. जाता जाता: कॅनडात अनेक क्री घरांत आजीला इंग्रजी बोलतानाही 'कोकम' म्हणतात, पण मूळ 'कोह्कोम'चा अर्थ 'तुझी आजी'. नात्याचा शब्द 'माझी-तुझी-त्याची' लावल्याशिवाय उभाच राहत नाही. सोलकढीचे विनोद नकोत, आधीच्या धाग्यात झालेत.

तिरफळ

विनोद करणारच होते. बरं, गणित? भाषा आणि संस्कृती ठीक आहे, भागाकार क्रीतून कसा करतात?

पाढेवाचक

आकड्यांपासून सुरू करा. पेयक, नीसो, निस्तो, नेवो, नियानन... नऊ म्हणजे 'केका-मितातह्त', शब्दशः 'जवळजवळ दहा'. आपलं एकोणीस (वीसला एक उणा) तशाच स्वभावाचं. अकरा 'पेयकोसाप', बारा 'नीसोसाप': एक वर, दोन वर. वीस 'नीस्तनव', एकवीस म्हणजे वीस आणि एक वर. स्थानिक किंमत शब्दातच दिसते, त्यामुळे हातचा शिकवताना क्री शब्द मदत करतात. मराठीत बत्तीस, त्रेचाळीस, सत्तावन्न वेगवेगळे पाठ करावे लागतात. (२०१९ मधे बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या 'वीस एक'वरून जो गदारोळ झाला तो इथे उकरू नका, हात जोडतो.)

नाण्यांत तर गंमत आहे. 'सोनियास' म्हणजे पाव डॉलर आणि 'नीसो-सोनियास' म्हणजे अर्धा. चार आणे, आठ आणे म्हणणाऱ्याला हे समजावावं लागत नाही. अपूर्णांकांचा पहिला धडा या नाण्यांवर घेतात.

पुढच्या वर्गात मीकिवाह्प, म्हणजे दांड्यांचा शंकूसारखा तंबू. क्री रीतीत पाया तीन दांड्यांचा असतो, ब्लॅकफूट या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांच्या रीतीत चारांचा. तीन पायांची तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, हे मुलं स्वतः तीन आणि चार काठ्या बांधून तपासतात. मग कापड. आवरण साधारण अर्धवर्तुळ असतं. त्रिज्या ५ मीटर घेतली आणि अर्धवर्तुळ गुंडाळलं तर शंकूचा परीघ अर्धवर्तुळाच्या कमानीएवढा, म्हणून तळाचा व्यास ५ मीटर आणि उंची सुमारे ४.३३. इथपर्यंत पुस्तकी. प्रत्यक्ष बांधल्यावर उत्तर जुळत नाही, आणि धडा खरा तिथे सुरू होतो: पुढे कापडाच्या दोन कडा एकमेकींवर चढवून खुंट्या लावतात, म्हणून व्यास कमी. आणि खरा तंबू तिरका शंकू असतो, मागची बाजू आखूड आणि उभी, पुढची लांब. वाऱ्याला पाठ द्यायला. 'उत्तर का चुकलं' याची कारणं क्रीत मांडायला लावली की भाषेचा आणि भूमितीचा तास एकच होतो.

एक इशारा. प्रत्येक दांडीला एक शिकवण जोडलेली असते: आदर, नम्रता, नातेसंबंध, वाटून घेणं वगैरे. ती गणिताच्या शिक्षकाने पुस्तकातून वाचून दाखवायची नसते. त्या भागातल्या ज्येष्ठांना बोलवायचं. दांड्यांची संख्या आणि क्रम गावागणिक बदलतात, आंतरजालावरचा तक्ता छापून लावला की पालकांशी खटका उडतो.

रानवाट

मी विज्ञानाची बाजू लिहितो, सशांच्या फासांचा जो घटक अनेक ठिकाणी हिवाळ्यात घेतात तो. दोन-तीन आठवडे पुरतो.

पहिले तीन दिवस वर्गात: 'तापक्वे' (फास लावणं), 'नातक्वे' (लावलेले फास बघून येणं), 'पह्कोन' (त्याला सोलणं). ससा, 'वापोस', सचेतन, म्हणून क्रियापदं त्या गटाची. हे आधी झालं नाही तर रानात सगळी बोलणी इंग्रजीत होतात. सर्वात मोठी चूक हीच: सहल होते, फोटो निघतात, क्रीचे चार शब्द वापरले जातात.

मग रानात. पितळी तारेचं वेटोळं, व्यास साधारण १० सेंटीमीटर, मोठ्या माणसाच्या मुठीएवढं. बर्फापासून उंची चार बोटं. सशाची रोजची पाऊलवाट शोधायची आणि दोन्ही बाजूंना काटक्या खोचून ती अरुंद करायची. वेटोळं खाली असेल तर पाय अडकतो, वर असेल तर ससा खालून निघून जातो. रात्री नवा बर्फ पडला की उंची आपोआप कमी होते, म्हणून रोज सकाळी जाऊन वर घ्यायचं. जनावराला तडफडत ठेवायचं नाही हा नियम पण त्याच फेरीत पाळला जातो. कुठे, केव्हा आणि कोणाला फास लावता येतात याचे प्रांताचे नियम आहेत आणि सरकारशी झालेल्या करारातला शिकारीचा हक्क मुलांना असला तरी बाहेरून आलेल्या शिक्षकाला नसतो. ते आधी विचारून ठेवावं.

गणित: समजा १२ फास ५ रात्री, म्हणजे ६० फास-रात्री, ९ ससे मिळाले तर शंभराला १५. दरवर्षी हाच आकडा वहीत. पाच-सहा वर्षांत वर्गाकडे स्वतःचा आलेख होतो. आणि मग कोणी विचारतं की तो वर-खाली का होतो. बर्फातल्या सशांची संख्या ८ ते ११ वर्षांच्या चक्राने वाढते-घटते आणि तिच्या मागोमाग लिंक्स मांजराची. हडसन बे या फर-व्यापारी कंपनीच्या कातड्यांच्या नोंदींमुळे हे पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकांत आलं. पण ज्या आज्यांनी आयुष्यभर फास लावले त्यांना ते माहीत होतंच. मुलांनी दोन्ही बाजू जोडाव्यात, हा घटकाचा गाभा.

बर्फावर जायचं असेल तर जाडी मोजा, अंदाज नको. रेड क्रॉसचा आकडा: चालायला १५ सेंटीमीटर, गटाने खेळायला २०, स्नोमोबाइलला २५. तोही स्वच्छ निळ्या बर्फासाठी. पांढरा, हवा भरलेला बर्फ कमकुवत असतो. प्रवाहाच्या तोंडाशी वेगळं भोक पाडून मोजायचं.

भूर्जपत्र

रानवाट, यात मूसच्या (तिथल्या मोठ्या हरणाच्या) कातड्याचं रसायन पण घाला. मांस खरवडायचं, केस काढायचे, मेंदू कुस्करून चोळायचा, ओढून ओढून मऊ करायचं, मग धूर द्यायचा. मेंदूतल्या चरबीत लेसिथिन असतं, ते तेल-पाणी एकजीव ठेवतं म्हणून ते तंतूंच्या आत शिरतं. धुरातली अल्डिहाइडं कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधतात, म्हणून भिजलं तरी कातडं पुन्हा कडक होत नाही. धुरासाठी कुजकं स्प्रूसचं लाकूड, पण कोरडं. ज्वाळ उठली की तासाभरात महिन्याची मेहनत जळते. शाळेत अर्धं कातडं वाया जातं ते 'मऊ करणं' मधेच सोडल्यामुळे: घंटा झाली, मुलं गेली, कातडं फळीसारखं वाळलं. या कामाला तासिका चालत नाही. सलग दिवस मोकळे ठेवा नाहीतर सुरूच करू नका.

गोधडी

वेळापत्रकावरून आठवलं. क्वेबेकच्या क्री शालेय मंडळात (१९७५ च्या जेम्स उपसागर करारानंतर, १९७८ मधे स्थापना) वसंतात हंसांच्या शिकारीची आणि शरदात मूसच्या शिकारीची सुट्टी कॅलेंडरमधे छापलेली असते. त्याची भरपाई म्हणून शाळा ऑगस्टमधेच भरते. उलट जिथे प्रांताचं कॅलेंडर जसंच्या तसं लावतात तिथे त्या दोन आठवड्यांत वर्ग रिकामे आणि हजेरीपटावर लाल खुणा. मूल सगळ्यात जास्त क्री ऐकतं ते दिवस गैरहजेरी म्हणून नोंदले जातात.

महिन्यांची नावं पण जपून. 'निस्कि-पीसिम' हंसांचा चंद्र, दक्षिणेकडे मार्च. 'अयीकि-पीसिम' बेडकांचा, एप्रिल. पण उत्तरेला हंस उशिरा येतात, बेडूक त्याहून उशिरा. तयार तक्ता लावला की मुलं खिडकीबाहेर बघून सांगतात, बाई, बेडूक कुठायत? तो तक्ता त्या गावात विचारूनच करायचा.

आणि वीसह्केचाह्कच्या (क्री लोककथांतला खोडकर नायक) गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात. अभ्यासक्रम करणाऱ्याने तो घटक सप्टेंबरात टाकला तर ज्येष्ठ मंडळी येतच नाहीत, आणि मग अहवालात लिहिलं जातं 'समाजाचा सहभाग कमी'.

कंदील

ज्येष्ठांना बोलवायची पद्धत कोणी नीट लिहील का?

गोधडी

आधी तंबाखू. विनंती करताना तंबाखू पुढे करायचा, बरोबर कापड देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्यांनी तो हातात घेतला म्हणजे होकार. हे काम झाल्यावरचे आभार नव्हेत, आधी करायची विनंती आहे. मानधन वेगळं, आणि ते तंबाखूच्या बदल्यात नाही. शाळेच्या लेखा विभागाला तंबाखूची पावती पचत नाही, हे सगळीकडचं दुखणं. वर्षाच्या सुरुवातीलाच 'सांस्कृतिक साहित्य' असं शीर्षक मंजूर करून घ्यावं. आणि मानधन सहा आठवड्यांनी टपालाने पाठवू नये, त्याच दिवशी हातात द्यावं.

सेज किंवा गोडगवत या सुगंधी वनस्पतींचा धूर (शुद्धीचा विधी) द्यायचा असेल तर आदल्या दिवशी इमारत सांभाळणाऱ्याला सांगून त्या खोलीचा धूरसूचक तेवढ्यापुरता बंद करून घ्या, खिडकी उघडी, आणि ज्या मुलांना नको त्यांना बाहेर थांबायची मुभा. आग लागल्याची घंटा वाजून पाचशे मुलं मैदानात आली की पुढची तीन वर्षं कोणी परवानगी देत नाही.

पाढेवाचक

चौथीचा प्रश्न राहिला. तिसरीपर्यंत क्री, मग इंग्रजी किंवा फ्रेंच, हा सांधा सगळीकडे दुखतो. दोन कारणं मला दिसतात.

पहिलं, क्रमवार वाचनपुस्तकं कमी. मग इंग्रजी पुस्तकांवर क्री भाषांतर चिकटवतात. इंग्रजीत सोप्या पुस्तकाची व्याख्या 'पानावर चार शब्द'. क्रीत चार शब्दांत चार पूर्ण वाक्यं मावतात. पातळी शब्द मोजून ठरत नाही, शब्दाला किती तुकडे जोडलेत त्यावरून ठरते.

दुसरं, परीक्षा. मिनिटाला किती शब्द वाचले हे मोजणारी इंग्रजी चाचणी तशीच क्रीला लावली की मूल 'मंद' ठरतं, कारण एक शब्द अर्ध्या ओळीचा. मग पालक घाबरतात आणि इंग्रजी शाळेकडे वळतात. मोजायचंच असेल तर अक्षरं मोजा, नाहीतर गोष्ट ऐकवून ती पुन्हा सांगायला लावा.

तिरफळ

आणि पैसा? शिक्षक?

कंदील

पैशाचं थोडक्यात. राखीव क्षेत्रातल्या (मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या जमिनींवरच्या) शाळा केंद्र सरकारच्या पैशावर. १९९६ पासून वाढीवर वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा होती. एप्रिल २०१९ पासून नवं सूत्र: प्रांताच्या शाळांशी तुलनीय मूळ निधी, आणि भाषा-संस्कृतीसाठी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १५०० डॉलर. २०० मुलांच्या शाळेला ३ लाख. ऐकायला बरे, पण त्यात शिक्षक, पुस्तकं, ज्येष्ठांचं मानधन आणि रानातल्या शिबिराचं पेट्रोल बसवायचं.

मोठ्या प्रमाणाचा फायदा मिळावा म्हणून अल्बर्टात मस्क्वाचीसच्या चार क्री समाजांनी (तिथे त्यांना 'राष्ट्र' म्हणतात) २०१८ मधे आपल्या शाळा एका मंडळाखाली आणल्या. ताबा मिळवण्याची सुरुवात त्याच प्रांतात, १९७० ला सेंट पॉलजवळच्या ब्लू क्विल्स या निवासी शाळेत: सरकार इमारत बंद करणार होतं, पालक आत ठाण मांडून बसले आणि शाळा चालवायला घेऊनच उठले. १९७२ चं 'मूळ रहिवाशांच्या शिक्षणावर त्यांचंच नियंत्रण' हे धोरणपत्र त्यानंतरचं. आज ब्लू क्विल्स विद्यापीठ आहे.

शिक्षकांची अडचण उलटी असते. ज्यांची भाषा अस्खलित त्यांच्याकडे पदवी नाही, ज्यांच्याकडे पदवी त्यांची भाषा कच्ची. चालणारा मार्ग म्हणजे जोडी: पदवीधर वर्गशिक्षक आणि अस्खलित बोलणारी व्यक्ती एकाच वर्गात, दिवसभर. खर्च जवळपास दुप्पट. पण जिथे अस्खलित व्यक्तीला 'मदतनीस' म्हणून तासाच्या बोलीवर ठेवतात, तिथे ती चांगली नोकरी मिळाली की जाते, आणि कार्यक्रम तिच्याबरोबर जातो. पगारपत्रकात तिला शिक्षकाच्या ओळीत बसवायला हवं.

तिरफळ

शेवटचा प्रश्न. घरबसल्या क्री शब्द शोधायचा तर कुठे?

अनुस्वार_वेडा

अल्बर्टा विद्यापीठाच्या भाषातंत्रज्ञान प्रयोगशाळेचा 'इत्वेविना' हा ऑनलाइन शब्दकोश. त्यात मूळ रूप 'तो' धरून असतं: 'वापमेव', तो त्याला पाहतो. पण 'निवापमाव' टाकलंत तरी तो सुटं करून मूळ शब्दापर्यंत नेतो. टोप्या न घालता टाकलं तरी बहुधा सापडतं. अक्षरलिपी युनिकोडमधे १९९९ पासून आहे, त्यामुळे वेगळा फाँट लादायची गरज नाही.

एक सूचना, या धाग्यापुरती. आपण क्री शब्द देवनागरीत लिहितोय, पण मराठी वाचनात शेवटचा 'अ' गळतो. क्रीत तो गळत नाही आणि अर्थ बदलतो. भूर्जपत्रने वर 'ओतिना' आणि 'ओतिन्' लिहिलंय, त्यातला पहिला शेवट ऱ्हस्व 'अ' आहे, दीर्घ 'आ' नाही. 'वापह्ता'चाही तसाच. 'ओतिन' लिहिलं तर दोन्ही सारखेच वाचले जातील. म्हणून शेवटी व्यंजन असेल तिथे हलन्त द्या, आणि ऱ्हस्व 'अ' असेल तिथे अवग्रह: ओतिनऽ, वापह्तऽ.

भूर्जपत्र

मान्य. वरचे शब्द दुरुस्त करते. बुटाला ओतिनऽ, दगडाला ओतिन्.